हुसेनबीचा रोजा, महादेवीचा सोमवार

"रोग लिहू नका. रोग केसपेपरवर लिहिलेला असतोच. त्या रोगापुढं उभं राहिल्यावर तुमच्या पोटात काय झालं ते लिहा. भ्यायला असाल तर भ्यालो म्हणून लिहा. आणि शनिवारी सगळ्यांपुढं वाचा."

शिंत्रे सरांचा हा आवाज महादेवी हत्तरकीच्या कानात कायम घुमत असायचा. वॉर्डात चालताना, क्वार्टरवर स्टोव्हची वात वर करताना, एवढंच काय, पहाटे डाव्या तळहातावर लिंगायतांचं इष्टलिंग घेऊन पूजेला बसली तरी मधेच तो आवाज यायचा आणि तिची नजर ढळायची. डॉक्टरीची शेवटची परीक्षा पास होऊन ती वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात आली होती. बायकांचा मेडिकल वॉर्ड सरांच्या हाताखाली. लष्करात नोकरी केलेला माणूस, बोलणं खणखणीत. पण शनिवारची त्यांची ही पद्धत जगावेगळी होती. राउंड संपला की शेजारच्या खोलीत चहा मागवायचा, इंटर्न पोरांना बसवायचं, आणि आठवड्यात मनाला जे लागलं त्याचं एक पान ज्यानं त्यानं वाचून दाखवायचं. त्याला मार्क नाहीत की कुणाची सही नाही.

पहिल्या शनिवारी अमीन जमादारनं वाचलं. अमीन कागलचा, तोंडाळ, सगळ्यांना हसवणारा. त्यानं लिहिलं होतं, "माझ्यापुढं पहिला पेशंट दगावला तेव्हा मला भूक लागली होती. मी त्यांच्या घरच्यांना सांगून आलो आणि दोन वडे खाल्ले. वडे चांगले लागले याची लाज वाटते." पोरं आधी हसली आणि मग चहाच्या कपात बघत बसली.

महादेवीनं सेवेविषयी चार सुंदर वाक्यं लिहून नेली होती. सरांनी ऐकली आणि म्हणाले, "अक्षर छान असणार तुझं. पण यात तू कुठं आहेस, महादेवी?"

ती सांगणार काय? तिला लिहायचीच भीती वाटायची. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, लहानपणापासून शिकवलेलं, वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, कागदावर तर मुळीच उतरवायचा नाही. मरण लिहिलं तर मरण येऊन उभं राहील, अशी काहीतरी धास्ती तिच्या मनात बसलेली. आणि वॉर्डात तर दिवसभर त्याच गोष्टी. मग ती नेम वाढवायची. पूजेआधी पाण्याचा थेंब नाही, कपाळावर विभूती, श्रावण लागला की सोमवारी कडक उपास. नेम नीट पाळला की आपल्या हातून कुणाचं वाईट होणार नाही, असं तिला मनापासून वाटायचं. ते खोटंही नव्हतं. त्या श्रद्धेवरच ती उभी होती.

ते अठ्ठ्याहत्तर साल. त्या वर्षी श्रावण आणि रमझान अगदी एकमेकांचा पदर धरून आले होते.

*

कोपऱ्यातल्या खाटेवर हुसेनबी होती. शिरोळकडची मणेरीण. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणारी, नवरा वारलेला, एकच लेक. स्वतःच्याच पेटीतल्या फुटक्या बांगडीची काच पायात गेली आणि तिला कळलंच नाही, कारण साखरेच्या आजारानं तळपायाची जाण गेलेली. जखम चिघळून घोट्यापर्यंत आली तेव्हा गाडीत घालून आणली. रोज सकाळी इन्सुलिनची सुई आणि जखमेची पट्टी, असं चाललं होतं. सर म्हणाले होते, साखर आटोक्यात राहिली तर पाय वाचेल.

महादेवी पट्टी करायला बसली की हुसेनबी तिचा हात हातात घेऊन बघायची.

"ह्ये काय गं पोरी, येवढी डाक्टरीण आन हातात एक काकण? बरी झाल्ये की तुला हिरवा चुडा भरते बघ. फुकट न्हाय हां. पाय वाचवलास तर."

"आणि नाही वाचला तर?"

"तर लंगडत यीन आन दुप्पट घीन!"

शेजारच्या खाटेवरची तानाबाई, दम्याची पेशंट, खोकत खोकत हसायची. दोघींचं चांगलं जमलं होतं.

रमझान लागला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमाराला महादेवी पुन्हा पट्टी बघायला गेली, तर हुसेनबीचे हात थरथरत होते. ओठाच्या वर घामाचे मणी.  इन्सुलिन अंगात आहे आणि पोटात अन्न नाही, म्हणजे रक्तातली साखर खाली घसरत जाते. माणूस आधी थरथरतो, मग बरळतो, मग शुद्ध जाते, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर परत येत नाही. पुस्तकातलं ते पान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"सकाळी काय खाल्लंत?"

"दूध-पाव."

तानाबाई भिंतीकडं बघायला लागली. तिच्या उशीपाशी दुधाचे दोन रिकामे पेले होते.

"तानाबाई?"

"माज्याकडं काय बगताय? तिनं दिलं, मी पिलं. अन्न कुनी टाकतंय व्हय?"

महादेवीनं खिशातला ग्लुकोजचा पुडा काढला. हुसेनबीनं तोंड घट्ट मिटलं आणि तिचा हात धरला, असा की सोडवता येईना.

"माझी हाफिजा पोटुशी हाय," ती हळूच बोलली. "दोन गेली तिची. दोन्ही आठव्यात गेली. ह्या खेपंला म्या मन्नत बोलली, सगळा म्हैना रोजा धरीन, एक बी सोडायची न्हाय. आता आठवा लागलाय तिला. तू कुनाला सांगू नगं. त्या अमीनला तर मुळीच नगं, त्यो आमच्यातला, लगीच म्हनंल बीमाराला रोजा माफ हाय. मला बी ठावं हाय त्ये. पन मन्नत माफ व्हती का गं? तू सांग. तू बी उपासाची हाईस की. कपाळाला लावतीस, पानी बी पीत न्हाईस. तुला कळतंय म्हून तुला सांगते."

आणि महादेवीचा हात तिनं आपल्या डोक्यावर ठेवला. "हाफिजाच्या पोटातल्या जिवाची आन हाय तुला."

महादेवीनं हात मागे घ्यायला हवा होता. तिनं घेतला नाही. वॉर्डातल्या बाकी कुणालाही जे समजलं नसतं ते तिला समजलं होतं, आणि तिथंच घोळ झाला.

थोड्या वेळानं सूर्य मावळला, हुसेनबीनं पाणी आणि खजूर तोंडात टाकला, थरथर थांबली. महादेवीचाही जीव भांड्यात पडला. पण उद्या काय? रात्रभर तळमळून तिनं वाट काढली. सकाळचं इन्सुलिन सकाळी द्यायचंच नाही. संध्याकाळी रोजा सुटला, पोटात अन्न गेलं की मग द्यायचं. वॉर्डच्या आवळे सिस्टरना तिनं सांगितलं, "कोपऱ्यातल्या पेशंटचं इन्सुलिन मी देत जाते. हात बसायला पाहिजे." सिस्टर कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या. "द्या की डॉक्टर. माझी एक सुई कमी," एवढंच म्हणाल्या.

झालं. कुणाला विचारलं नाही, केसपेपरवर लिहिलं नाही. सकाळी हुसेनबीच्या खाटेपाशी वाकायचं, रिकाम्या काचेच्या पिचकारीशी खुडबूड करायची, आणि संध्याकाळी गुपचूप खरी सुई द्यायची. काही दिवस निभावलं. हुसेनबी दुवा द्यायची. महादेवीला मात्र जेवण जाईना. दाराचा आवाज झाला तरी ती दचकायची. शनिवारी तिनं पट्टी कशी बांधावी यावर एक पान वाचून दाखवलं. सरांनी ऐकलं. "हे खरं आहे," ते म्हणाले, "पण हे तू नाहीस." 

*

सोमवार उजाडला. श्रावणी सोमवार. पावसानं झोडपून काढलं होतं. महादेवी पहाटे उठली, न्हाली, पूजेला बसली. त्या दिवशी तिनं मनातल्या मनात फार काही मागितलं, म्हणून पूजा लांबली. बाहेर आली तर रस्त्यावर पाणी. वॉर्डात पोचली तेव्हा सिस्टर ट्रे आवरत होत्या.

"तुमची किती वाट बघायची, डॉक्टर? डोस वेळेवर जायला नको का? मी दिला कोपऱ्यातला. दूध-पावबी खाल्लंय तिनं, ताट रिकामं बघितलं मी."

 आदल्या संध्याकाळची सुई अंगात, वर आता ही. ती जवळजवळ धावतच खाटेपाशी गेली.

"तुम्ही नको का म्हणाला नाहीत?"

"काय सांगू? रोजा हाय म्हून सांगू?" हुसेनबी कुजबुजली. "सिस्टरनं दंड धरला आन टोचली बी."

"आता काहीतरी खावंच लागेल. साखर तरी. मी पाया पडते तुमच्या."

"न्हाय."

"तुमच्या जिवावर बेतेल."

हुसेनबीनं तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यात राग नव्हता, थोडी चेष्टाच होती. "आज तुजा सोमवार हाय न्हवं? असं कर. तू सोड, मग मी सोडते. घे, तानाबाईचं दूध हाय. पी माज्यापुढं."

तानाबाईनं खरंच पेला पुढं केला. महादेवीनं पेल्याकडं पाहिलं. पांढरं, कोमट दूध, वर साय धरलेली. हात उचलायचा, एवढंच होतं. तिच्या मनात अव्वा आली, लहानपणापासूनचे सगळे सोमवार आले, एकही न मोडलेला.

"सोमवार आहे," ती पुटपुटली. "मी कशी..."

"बग," हुसेनबी म्हणाली. "मग मी कशी?"

तेवढ्यात ओपीडीतून बोलावणं आलं. गर्दी आहे, सगळ्या इंटर्नना खाली पाठवा. "मी लगेच येते," म्हणून महादेवी गेली. जाताना तिनं तानाबाईला बजावलं, "बरळायला लागल्या तर ओरडा."

ओपीडीत ती पेशंटची नाडी धरून बसायची आणि ठोके मोजायचे विसरायची. कान वरच्या मजल्याकडं. प्रत्येक पावलाचा आवाज आपल्यासाठीच येतोय असं वाटे. आणि दुपारी तसंच झालं. आया धापा टाकत आली. "ताई, कोपऱ्यातली बाई! वर चला!"

वर गलका माजला होता. तानाबाई खाटेवर उभी राहून ओरडत होती. हुसेनबीचे डोळे अर्धे उघडे, मान एका बाजूला, घशातून घरघर. अमीन आधीच पोचला होता. खाटेखालची सकाळची लघवीची बाटली त्यानं उचलली, काही थेंब नळीतल्या निळ्या औषधात टाकले आणि टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळं औषध उकळून हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता नारिंगी झालं.

"साखर चढलीय!" अमीन ओरडला. "कोमा आहे. सिस्टर, इन्सुलिन भरा. महादेवी, बघत काय बसलीस, दंड धर! सरांना निरोप पाठवलाय, येईपर्यंत सुई जाऊ दे."

आवळे सिस्टरनी पिचकारी भरली. सुईच्या टोकाशी एक थेंब चमकला.

महादेवीनं हुसेनबीच्या कपाळाला हात लावला. बर्फासारखं गार, घामानं निथळणारं. ती बाटली सकाळची होती, रोजा धरण्याआधी पहाटे अंधारात खाल्लेल्या भाकरीची साखर तिच्यात होती. ती आत्ताचं काही सांगत नव्हती. हे तिला कळत होतं. ती सुई गेली की संपलं, हेही कळत होतं. पण तोंड उघडायचं म्हणजे आण मोडायची. आणि आण कुणाची? जे अजून जन्माला यायचंय त्याची. एका आईची दोन गेलेली, हे तिसरं. आपण बोललो आणि तिकडं शिरोळला काही झालं तर? तिच्या घशातून आवाजच फुटेना. 

सिस्टरनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

"नको!" तो आवाज आपलाच आहे हे महादेवीला आधी कळलंच नाही. "नको, सिस्टर! साखर उतरलीय. तिचा रोजा आहे. पहाटेपासून पोटात काही नाही. सकाळची सुई गेलीय, आणि काल संध्याकाळची मी दिलेली, ती पण आहे अंगात. मला माहीत होतं. ग्लुकोज! अमीन, ग्लुकोज दे!"

 मग तानाबाई मोठ्यानं रडायला लागली, "दूध म्या पिलं! पावबी म्या खाल्ला!" आणि सगळं एकदम हललं. अमीननंच शीर शोधली; महादेवीनं मोठी पिचकारी धरली. ते घट्ट ग्लुकोज हळूहळू शिरेत गेलं. हुसेनबीची पापणी हलली. घरघर थांबली. तिनं डोळे उघडले, माणसं बघितली, दंडातली सुई बघितली.

"काय घातलं ह्ये?"

"साखर, खाला," अमीन मावशीला सांगावं तसं हळू म्हणाला.

"रोजा?"

 हुसेनबीनं महादेवीकडं एकदाच पाहिलं. "तू सांगितलंस," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

*

सर आले, सगळं ऐकलं. ओरडले नाहीत. "इतके दिवस तू एकटीनं माझा वॉर्ड चालवलास होय?" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून सिस्टर समोर उभ्या असल्याशिवाय महादेवीनं सुईला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि वॉर्डातल्या साखरेच्या प्रत्येक पेशंटला उपासाचं विचारून केसपेपरवर लिहायचं, हेही. आवळे सिस्टर दोन दिवस महादेवीशी कामापुरतंच बोलल्या.

पण खरी काळजी पुढंच होती. हुसेनबी रोजाही धरेना आणि जेवेनाही. ताट आलं की चार घास चिवडायचे आणि सरकवून द्यायचं. खाणं नाही म्हणून सुई पुरती देता येईना, सुई नाही म्हणून जखम पुन्हा ओली झाली. सरांनी पाय उलटसुलट बघितला आणि बाहेर येऊन अमीनला म्हणाले, "असंच चाललं तर पाय काढायला लागेल. तेवढं तिच्या अंगाला सोसेल का, सांगता येत नाही."

आणि शिरोळकडून काही कळत नव्हतं. कृष्णेला पूर, रस्त्यावर पाणी, एसटी बंद. हाफिजा कशी आहे, कुणाला ठाऊक नाही. महादेवी रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन चौकशी करून यायची. गाडी सुरू झाली नाही म्हटलं की तिला वाटायचं, बरं झालं, आज तरी वाईट निरोप आला नाही. आणि लगेच या विचाराचीच तिला भीती वाटायची.

शनिवारी तिनं पान वाचलं. 

"मी भ्याले. हुसेनबी मरतील म्हणून भ्याले, त्याआधी सर रागावतील म्हणून भ्याले, आणि त्याच्याही आधी आण मोडेल म्हणून भ्याले. त्यांनी मला म्हटलं होतं, तू तुझा उपास सोड, मी माझा सोडते. पेला माझ्यापुढं होता. मी दूध प्याले नाही. मी माझा सोमवार वाचवला. दुपारी त्यांना तसं पडलेलं पाहिलं तेव्हा माझा उपास चालूच होता, आणि मला तो कुणाला वाहावा हे कळेना. रात्री तो मी नेहमीसारखा सोडला. जेवण गेलं नाही. आता मी रोज पूजा करते आणि एकच मागते, शिरोळच्या त्या बाळाला काही होऊ देऊ नको. मी मागते ते देवापर्यंत जातं का, हे मला पहिल्यांदाच माहीत नाही. मला अजून भीती वाटते."

 अमीननं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"आणेनं काही होत नसतं, असं मी म्हणणार होतो," सर सावकाश म्हणाले. "पण ते तुझ्या उपयोगाचं नाही. हे तू आम्हाला वाचून दाखवलंस. तिला?"

"तिला?"

"तिच्याविषयी लिहिलंयस. तिनं नको ऐकायला?"

वॉर्डापर्यंतची ती वाट महादेवीला फार लांब वाटली. हुसेनबी भिंतीकडं तोंड करूनच होती. महादेवी खाटेपाशी स्टुलावर बसली आणि हलक्या आवाजात वाचायला लागली.  तानाबाईनं खोकला दाबून धरला होता. वाचून झालं. मग तोंड न वळवता हुसेनबी म्हणाली, "तू भ्यालीस?"

"अजून भिते."

"मला वाटलं, डाक्टर लोक भीत न्हाईत. म्हून तर तुज्यावर आन घातली. मला वाटलं, भिनारं मानूस आन पेलत न्हाय, ही पेलंल."

"नाही पेलली."

हुसेनबी हळूहळू वळली. तोंड सुकून एवढंसं झालं होतं. "माजी तर मन्नतच गेली गं. अर्ध्यात गेली. आता हाफिजाचं काय व्हतंय म्हून घास उतरत न्हाय मला. तुला काय वाटलं, तुज्यावर रुसल्ये?"

अमीन पाठीमागं येऊन उभा राहिला होता. तो खाकरला. "खाला, मी काही मौलवी नाही. पण आमच्या आजोबांना साखर होती. डॉक्टरांनी रोजा बंद केला तेव्हा ते महिनाभर रडले. मग मशिदीतल्या मौलवींनी सांगितलं, एका रोजाला एका गरिबाचं पोट भरा. फिदिया. तेव्हापासून आमच्या दारात रोज संध्याकाळी एक माणूस जेवायचा. आजोबा त्याच्यापुढं बसून म्हणायचे, खा बाबा, माझा रोजा तू खा."

"मन्नतीला चालतंय व्हय?"

"तुमच्या गावच्या मौलानांना विचारू, पूर ओसरला की. पण तोवर उपाशी राहून अल्लाला काय दाखवणार? हे एकपायाचं रूप?"

"तोंड बग ह्याचं!" हुसेनबी म्हणाली, पण तिच्या आवाजात जरा धुगधुगी आली. मग ती पुन्हा विझली. "कोन घालनार जेवाया? लेक तिकडं पान्यापलीकडं. मी ह्या खाटंवर."

"मी घालते," महादेवी म्हणाली.

तिघंही तिच्याकडं बघायला लागली. ती स्वतःही दचकली होती, पण थांबली नाही. "आमच्यात दासोह म्हणतात. दारी आलेल्याला घालायचं, आणि कुणी आलं नाही तर आपण शोधत जायचं. तुमचे जेवढे रोजे राहिलेत, तेवढे दिवस रोज संध्याकाळी एकाला मी जेवू घालीन. माझ्या हातानं करून. तुमच्या नावानं. पण तुम्ही दिवसा जेवायचं आणि सिस्टरकडून सुई घ्यायची."

"आन न्हाय पेललं तर?"

"आण नाही घेत मी आता. नुसतं कबूल करते."

तानाबाईला राहवलं नाही. "ह्या पोरीच्या हातचं गवतासारखं जेवान! मटान न्हाय, अंडं न्हाय. फकीर म्हनंल, कुटल्या पापाचं ह्ये मला?"

"झुणका येतो मला चांगला," महादेवी रागानं म्हणाली, आणि हुसेनबी हसली. हसता हसता रडायला लागली. सिस्टरनी ताट आणून ठेवलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भरदिवसा, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, आणि तोंडाशी नेऊन कितीतरी वेळ धरून ठेवला. "बिस्मिल्ला," म्हणाली आणि खाल्ला. महादेवीनं दुसऱ्या घासापर्यंत डोळे मिटून घेतले होते.

*

संध्याकाळी पाऊस थांबला नव्हता, पण जोर ओसरला होता. महादेवी स्टँडवर जाऊन आली होती. शिरोळची गाडी नाही. उद्याही सांगता येत नाही. क्वार्टरवर येऊन तिनं हातपाय धुतले, स्टोव्ह पेटवला, पीठ मळलं. पहिली भाकरी करपली, ती तिनं आपल्यासाठी बाजूला ठेवली. झुणक्यात मीठ बरोबर पडलं की नाही हे चाखून बघायचं तिच्या मनात आलं, पण दुसऱ्याच्या नावाचं अन्न आपण आधी कसं चाखायचं, म्हणून तसंच राहू दिलं. डब्यात भाकऱ्या, झुणका, कांदा, गुळाचा खडा. वर धुतलेला पंचा बांधला.

दारात अमीन भेटला. "बाबूजमालच्या दर्ग्याबाहेर बसतात बघ काही म्हातारी माणसं. मी येऊ का सोबत?"

"नको."

"घाबरशील."

"घाबरते आहेच की," ती म्हणाली. "रोजा कधी सुटेल?"

"बांग व्हायला वेळ आहे अजून. चाललीस तर पोचशील."

तिनं डबा पदराखाली घेतला, छत्री उघडली आणि चिखलातून पाय जपत रस्त्याला लागली.